राळेगणचा खांब आणि ग्रामरक्षक दल

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत दारू सोडविण्यासाठी एकेकाळी अवलंबिलेला मार्ग सर्वश्रुत आहे. समज देऊनही न ऐकणाऱ्या मद्यपीला मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके दिले जात. अण्णा हजारे यांनी ही गोष्ट कधी लपविली नाही. मुलाच्या भल्यासाठी आईही कठोर होते, असे त्यांचे समर्थन असे. दारू हटली, अनेक संसार सावरले, हेही खरे. पण आरोप कोणी ठेवला, बचावाची संधी कोणी दिली, शिक्षा कोणाच्या अधिकारात झाली, या प्रश्नांना तेथे जागा नव्हती. शासनाने याच गावाला आदर्श मानले, १९९२ मध्ये हजारे यांना पद्मभूषण दिले. तो खांब गौरवाच्या आड आला नाही.

पुढे हजारे यांच्याच आग्रहावरून २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांना वैधानिक स्थान मिळाले. दलाने अवैध दारूची खबर पोलिसांना व उत्पादन शुल्क खात्याला द्यावी, हा त्याचा गाभा. हात उगारण्याची मुभा कायदा कोणालाही देत नाही. तथापि गावातील काही जणांना शेजाऱ्यांवर नजर ठेवण्याचा सरकारी शिक्का मिळाला, की खबर आणि दटावणी यांतील रेषा पुसट होण्यास वेळ लागत नाही.

आणि खबरीचीच उणीव होती काय? फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. तपासात त्या दारूचा माग जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचला. सरकारी आवारातच हा उद्योग चालत असेल, तर गावच्या दलाने कोणाचे दार ठोठवावे?

शिवाय 'गाव' म्हणजे एकमुखी समाज नव्हे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. त्यांत दलित तरुण होते. त्यात शासनाचा हात नव्हता. पण संशय कोणावर घ्यायचा आणि शिक्षा कोणी द्यायची, हे गावात जात ठरविते, एवढे त्यातून दिसले.

छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या पाठोपाठ आदिवासी तरुणांना विशेष पोलिस अधिकारी म्हणून शस्त्रे देणे घटनेच्या कलम १४ व २१ चा भंग ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. ग्रामरक्षक दल निःशस्त्र आहे, दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. प्रश्न तत्त्वाचा आहे: राज्याने आपले कर्तव्य नागरिकांच्या गटावर सोपवावे काय? धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात न्यायालयाने झुंडबळी रोखण्याची जबाबदारी निःसंदिग्धपणे राज्यांवर टाकली.

महाराष्ट्रात दुसरा मार्गही आहे. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिल्यास परवानाधारक दुकान बंद होते. मतदान गुप्त असते, कोणाला खांबाला बांधावे लागत नाही. हातभट्टीसाठी तर मतदानही नको. ती उद्ध्वस्त करण्याचा अधिकार पोलिसांकडे १९४९ च्या कायद्यापासून आहे.