हॅलो, शेंद्रा!

‘दादा, जॉब सोडू का?’

सेकंड शिफ्टला अजून वीस मिनिटं. शेंद्रा एमआयडीसीतली चहाची टपरी, हातात कटिंग आणि समोर बाविशीतला मेंटेनन्स ट्रेनी. डिप्लोमा इलेक्ट्रिकल. प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पुण्याला जायचंय, आयटीत घुसायचंय. खिशात एका क्लासचा फॉर्म. सहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स, फीचे तीन हप्ते आणि वर ठळक अक्षरात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. पहिला हप्ता भरायचा तर आधी राजीनामा टाकायचा. घरी वडिलांना अजून पत्ता नाही.

‘आतापर्यंत काय शिकलास?’ मी विचारलं.

‘सीचे दोन चॅप्टर झाले. मग जावाचे व्हिडिओ बघितले. आता पायथन डाउनलोड केलंय. पण डोक्यात काही बसंना.’

‘आणि दिवसभर काय करतोस?’

‘काही नाही, पीएलसी. लाइन थांबली की लॅडर बघायचं, कुठला सेन्सर अडकला ते शोधायचं.’

यार, मग तू प्रोग्रॅमिंगच्या शेजारीच राहतोयस की!

पॅनलमधला मास्तर

थोडी हिस्टरी. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सचे इंजिनिअर वैतागले होते. गाडीचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंचं वायरिंग उखडून पुन्हा करायचं. त्यांना वायरऐवजी प्रोग्रॅम बदलता येईल असं यंत्र हवं होतं. डिक मॉर्ले आणि मंडळींनी ते बनवलं, नाव मोडिकॉन. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखीच ठेवली, शिडीसारखी. कारण ती वाचणार होता इलेक्ट्रिशियन.

‘गार्ड बंद आहे आणि इमर्जन्सी स्टॉप दाबलेला नाही, तरच मोटर फिरव.’ ही झाली ‘इफ’ कंडिशन. पीएलसी अख्खा प्रोग्रॅम वरून खाली वाचतो आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू करतो. हा झाला लूप. २००१ मध्ये याच शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली, तेव्हापासून इथल्या किती पोरांनी हे लॉजिक नकळत पचवलं असेल! फक्त त्याला कुणी प्रोग्रॅमिंग म्हटलं नाही.

(एक वॉर्निंग. प्रॅक्टिस म्हणून चालू लाइनच्या पीएलसीला हात लावायचा नाही. तिथे चूक झाली तर स्क्रीनवर एरर येत नाही, कुणाचा तरी हात जातो.)

एकच भाषा, एकच प्रॉब्लेम

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे भाषांची विंडो शॉपिंग. सी चांगली की जावा चांगली, यावर चर्चा करण्यात सहा महिने जातात. एक घ्या आणि सहा महिने बदलू नका. पायथन घेतली तर सुरुवात सोपी जाते. फुकट आहे आणि वाचायला सरळ. गुइडो व्हान रोसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. नाव अजगरावरून नाही हं, ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश कॉमेडी ग्रुपवरून!

पण भाषेपेक्षा महत्त्वाचा प्रॉब्लेम, आणि तो तुमच्या टेबलावरचा हवा. आमच्या दोस्ताला मी विचारलं, ‘कुठलं काम करताना सगळ्यात जास्त बोअर होतं?’ उत्तर लगेच आलं, ‘ब्रेकडाउन रजिस्टर!’ कुठलं मशीन किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, हे रोज एक्सेलमध्ये भरायचं. महिनाअखेरीला प्रत्येक मशीनची मिनिटं कॅल्क्युलेटरवर मोजायची. अर्धा दिवस खलास.

झाला की प्रोजेक्ट! फाइल उघड. एकेक ओळ वाच. मिनिटं काढ, त्या मशीनच्या खात्यात जमा कर. शेवटी यादी छाप. जेमतेम वीस ओळींचं काम. आधी हे मराठीत कागदावर लिहायचं, मग टाइप करायचं. कॉपी-पेस्ट नाही, स्वतःच्या बोटांनी. आणि कंपनीचा खरा डेटा घरी न्यायचा नाही. खोटे आकडे टाकून दहा ओळींची फाइल बनवली की भागतं.

एररचं टेन्शन नको

पहिल्याच दिवशी लाल अक्षरं येणार. पायथनमध्ये ती खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या जरा वर कुठल्या लाइनला बिघडलं ते. मेंटेनन्सवाल्याला हे नवीन नाही. आधी अलार्म वाचायचा, मग पाना काढायचा.

सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्ड मार्क टू हा कॉम्प्युटर अडला. तपासलं तर रिलेमध्ये चक्क पतंग अडकलेला. तो टेपने लॉगबुकात चिकटवून ठेवला. ‘बग’ हा शब्द इंजिनिअर मंडळी त्याआधीही वापरायची, पण त्या दिवशी तो खराखुरा सापडला. सांगायचा मुद्दा, बग सगळ्यांनाच येतात. प्रोग्रॅमर तोच, जो शोधत बसतो.

उणे १४१० मिनिटं

महिन्याभराने आमच्या दोस्ताचा रात्री फोन. ‘दादा, मशीन उणे १४१० मिनिटं बंद होतं म्हणतंय!’

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, ‘ती ओळ शोध.’ पंधरा मिनिटांनी परत फोन. थर्ड शिफ्टची एंट्री होती. मशीन २३.५० ला थांबलं, ००.२० ला सुरू झालं. मध्ये बारा वाजून गेले, हे प्रोग्रॅमला कोण सांगणार? त्याने स्वतःच एक अट टाकली. उत्तर उणे आलं तर त्यात दिवसाची १४४० मिनिटं मिळव. बरोब्बर ३० मिनिटं! मग लक्षात आलं की ‘सीएनसी-३’ आणि ‘सीएनसी ३’ ही दोन वेगळी मशीन धरली जातायत. तेही निस्तरलं. हे दोन धडे कुठल्या पुस्तकात शोधले असते?

एआय आहे ना!

आहे, आणि वापराही. पण आधी अर्धा तास स्वतः झगडा. मग एआयला ‘कोड दे’ म्हणण्यापेक्षा ‘माझं कुठे चुकतंय ते समजाव’ म्हणा. आणि साधा नियम, जी ओळ शेजारच्याला समजावून सांगता येत नाही, ती आपल्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची नाही.

आणि राजीनामा?

क्लास वाईटच असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोघांना गाठा. ‘प्लेसमेंट’ म्हणजे नोकरी की नुसता इंटरव्ह्यू, हे लेखी मागा. शिवाय सुरुवात फुकटातही होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत. अल स्वाइगार्टचं ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन’ हे पुस्तक ऑनलाइन फुकट वाचता येतं.

डिग्रीचा बाऊही नको. सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाले, आणि पुढे मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रमुख. आज स्पर्धा जास्त आहे, मान्य. म्हणूनच इंटरव्ह्यूत ‘कोर्स केलाय’पेक्षा ‘हे मी बनवलंय, असं चुकलं, असं दुरुस्त केलं’ हे सांगता यायला हवं.

आमच्या दोस्ताने फॉर्म अजून भरलेला नाही, फाडलेलाही नाही. रोज कंपनीच्या बसमधून उतरल्यावर एक तास बसतो. पुणं डोक्यात आहेच. मात्र या वेळी वडिलांना सांगून जाणार म्हणतो.

तर फ्रेंड्स, या वीकएण्डचा होमवर्क. ऑफिसमधलं सगळ्यात बोअर काम कुठलं, ते एका कागदावर लिहा. त्याच्या पायऱ्या मराठीत मांडा. कॉम्प्युटर सोमवारी उघडला तरी चालेल!