भिंत मोजा, माणूस नव्हे

आपल्याकडे घराला कंपाउंड घालताना माणूस दोघांना विचारतो: गवंड्याला आणि नगरसेवकाला. नियम काय आहे, हे नोटीस दारावर चिकटल्यावरच कळते.

नियम मात्र आहे आणि तो वाईटही नाही. मुंबई व काही क्षेत्रे वगळून उरलेल्या महाराष्ट्रासाठी २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून दीड मीटरपर्यंत चालते. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा असेल, तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणाच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर. वळणारी मोटारसायकल आणि रस्ता ओलांडणारे पोर एकमेकांना दिसावेत, एवढाच त्यामागचा हेतू.

चार ओळींचा हा नियम नगरपालिकेच्या दारावर मराठीत लिहिलेला तुम्ही कधी पाहिलात का? तो फाईलमध्येच ठेवण्यात फायदा आहे. फाईलमधला नियम माणूस बघून बाहेर काढता येतो. बंगल्याची भिंत आठ फूट चढली तरी ती सुरक्षितता ठरते. गल्लीतल्या विधवेने दोन थर विटा जास्त लावल्या की ते अनधिकृत बांधकाम होते!

‘बेकायदा आहे ना, मग पाडा’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझा साधा प्रश्न आहे: भिंत एक फूट जास्त असेल, तर एक फूट उतरवायचा की सगळी भिंत? १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारले आहे. नोटिशीत नेमके उल्लंघन लिहा, पंधरा दिवस द्या, म्हणणे ऐका, आणि दोष एका भागाचाच असेल तर पाडण्याखेरीज दुसरा मार्ग का नाही ते आदेशात सांगा. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून वैयक्तिक भरपाई घेण्याची तंबीही त्यात आहे.

मात्र हा निकाल सार्वजनिक रस्त्यावरच्या किंवा फुटपाथवरच्या अनधिकृत बांधकामाला संरक्षण देत नाही, आणि देऊही नये. गटारावर भिंत सरकवून वर ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, मग तो आपल्या मोहल्ल्यातला असो की दुसऱ्याच्या.

इंग्लंडमध्ये साधारणपणे दोन मीटरपर्यंतच्या आणि वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटरपर्यंतच्या कुंपणाला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. घरमालक टेप घेऊन स्वतःच मोजतो. आपल्याकडेही तेवढेच हवे: नियम दारावर, माप नोटिशीत आणि टेप सगळ्यांच्या भिंतीला एकच. बंगल्याच्या भिंतीला टेप लावायची हिंमत नसेल, तर गल्लीत हातोडा घेऊन येऊ नका.