पादचाऱ्यांचा हिस्सा

नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यातून जिल्हाधिकारी कचेरीकडे अनुदानासाठी जे प्रस्ताव रवाना होतात, त्यांची फेरिस्त चाळली असता काँक्रीटचे रस्ते, चौकांचे सुशोभीकरण, स्वागतकमानी आणि सभागृहे या बाबी दिमाखाने मिरवताना दिसतात. पदपथ मात्र स्वतंत्र काम म्हणून तेथे बहुधा येत नाही, आणि आलाच तर रस्त्याच्या अंदाजपत्रकातील अखेरची बाब म्हणून, म्हणजे काटकसरीची वेळ येताच प्रथम जिच्यावर कात्री चालावी अशा जागी, त्याची स्थापना झालेली असते. ही जागा बदलल्यावाचून आमच्या लहान शहरांतील पादचाऱ्यांचे जीवित सुरक्षित होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सन २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, ही नोंद खुद्द केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आहे. सर्वोच्च न्यायालयातील न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने १४ मे २०२५ रोजी पदपथाचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून राज्यांना त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याची ताकीद दिली. हक्क सिद्ध झाला, हे उत्तमच. परंतु न्यायालयाच्या निर्णयाने फरशी बसत नाही, तिला पैसा लागतो, आणि खरी मेख तेथेच आहे.

नगरपरिषदांची जकात १९९९ साली उठली, तेव्हापासून त्यांची तिजोरी मुख्यतः वरून येणाऱ्या अनुदानावर विसंबून राहिली आहे. घरपट्टीच्या वसुलीतून पगार, दिवाबत्ती व साफसफाई यांचा खर्च भागला तरी मुख्याधिकाऱ्याने समाधान मानावे, अशी बहुतेकांची हालत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान नेमून दिले, त्याचा ६० टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला. उरलेल्या ४० टक्क्यांवर मात्र सगळ्या नगरसेवकांची आणि सगळ्या प्रभागांची नजर. राहता राहिले नगरोत्थान महाभियान आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी. तेथे ज्याचा प्रस्ताव तयार, अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसह जोडलेले आणि स्वहिस्स्याची तरतूद ठरावाने केलेली, त्याची मंजुरी आधी. आणि पादचाऱ्यांची कैफियत मांडणारा ठेकेदार अद्याप कोणी जन्मास आलेला नाही.

म्हणून अर्ज कसा करावा याचा विचार अवश्य व्हावा. संबंध शहराचे पदपथ एकदम मागू नयेत, शाळा, एस. टी. स्थानक, सरकारी दवाखाना आणि आठवडी बाजार यांना जोडणारा एकच सलग मार्ग निवडावा, त्यावरून सकाळ-सायंकाळ किती माणसे चालतात याची शिक्षकांच्या साहाय्याने गणती करावी, पोलीस ठाण्याच्या दप्तरातून त्या मार्गावरील अपघातांच्या नोंदी मागवाव्यात, आणि हा सारा तपशील प्रस्तावास जोडावा. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार निवासी भागातही पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. आपल्याकडे गटारावर फरश्या टाकल्या की तोच पदपथ समजण्याचा शिरस्ता पडला आहे. त्यावर मध्येच विजेची डीपी उभी, पुढे दोन फरश्या फुटलेल्या, त्यापुढे दुकानाची पायरी, आणि शेवटी म्हातारे माणूस निमूटपणे डांबरावर उतरते. तेव्हा वीज कंपनीची रोहित्रे हलविण्याचा, उताराचा आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. तो पुढे पाहू म्हणून वगळला की काम नावापुरतेच उरते.

पदपथ बांधले तरी त्यावर टपऱ्या आणि दुचाकी चढतात, मग सरकारचा पैसा कशाला दवडावा, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ केले. तरीही त्या शहरात पदपथावरून दुचाकी हाकणाऱ्यांची वाण पडलेली नाही. परंतु त्याच रस्त्यावर सायंकाळी वृद्ध व लेकुरवाळ्या बाया निर्धास्त चालताना दिसतात, हेही तितकेच खरे. विक्रेत्यांचा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहराच्या पथविक्रेता समितीच्या हाती दिला आहे. ज्या नगरपरिषदेची ही समिती कागदावरच निद्रिस्त आहे तिने अतिक्रमणाच्या नावाने गळा काढू नये. आमच्या मते अनुदान देणाऱ्यानेही अखेरचा हप्ता काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर न सोडता, वर्षभराने मार्ग मोकळा असल्याची पाहणी करून सोडावा. नगरसेवकांना ही अट जाचक वाटेल, वाटू द्यावी.

जिल्हा वार्षिक योजनेचे प्रारूप हिवाळ्यात आकार घेते आणि त्यानंतर पालकमंत्र्यांकडे कितीही खेटे घातले तरी नवीन बाब त्यात शिरणे दुरापास्त होते. तोपर्यंत सर्वसाधारण सभेने एका मार्गाचा ठराव करून आपला स्वहिस्सा, मग तो एखादी स्वागतकमान रद्द करून का होईना, बाजूला काढावा आणि 'पदपथ' या एकाच मथळ्याखाली प्रस्ताव कचेरीत दाखल करावा.