विश्लेषण : मेंदूतील साध्या गाठीवर रेडिओथेरपी, पुढे कर्करोगाचा धोका किती?

मेंदूतील गाठ कर्करोगाची नाही, असे अहवालात स्पष्ट असते. तरीही डॉक्टर रेडिओथेरपी, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेक’, सुचवतात. याच उपचारामुळे काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे कळल्यावर रुग्णाचे कुटुंब पेचात पडते. पनवेल तालुक्यातील खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत आता प्रोटॉन उपचारही उपलब्ध आहेत. त्यानिमित्ताने या धोक्याचा आढावा.

साध्या गाठीला शेक कशासाठी?

मेनिन्जिओमा, पिट्युटरी ग्रंथीची गाठ, श्रवणाच्या नसेवरील श्वानोमा या गाठी सहसा शरीरात इतरत्र पसरत नाहीत. मात्र कवटीत जागा मर्यादित असल्याने वाढणारी गाठ डोळ्यांच्या किंवा ऐकण्याच्या नसा दाबते. शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता आली नाही किंवा पुन्हा वाढली, तर वाढ रोखण्यासाठी शेक दिला जातो.

धोका कसा निर्माण होतो?

किरणांमुळे गाठीतील पेशींचा डीएनए तुटतो. वाटेतील निरोगी पेशींनाही थोडी मात्रा मिळते. त्यातील एखाद्या पेशीची दुरुस्ती चुकीची झाल्यास अनेक वर्षांनी नवी गाठ उद्भवू शकते. ती शेकामुळेच झाली का, हे ठरवताना तीन गोष्टी पाहतात : ती शेक दिलेल्या भागातच आहे का, मध्ये काही वर्षे गेली आहेत का आणि ती मूळ गाठीपेक्षा वेगळ्या प्रकारची आहे का. अशा नव्या गाठींमध्ये मेनिन्जिओमा अधिक आढळतो. ग्लायोमा किंवा सार्कोमा दुर्मीळ, पण घातक असतो.

प्रमाण किती?

लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयाने १९९२ मध्ये पिट्युटरीच्या गाठीसाठी शेक घेतलेल्या ३३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत दुसरी गाठ होण्याची शक्यता १० वर्षांत १.३ टक्के, तर २० वर्षांत १.९ टक्के आढळली. म्हणजे शंभरातील ९८ जणांना २० वर्षांतही हा त्रास झाला नाही. गाठीवर किरण अचूक एकवटणाऱ्या रेडिओसर्जरीत धोका आणखी कमी आहे. ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’मधील २०१९ च्या बहुकेंद्री अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण दर एक लाख रुग्ण-वर्षांमागे दहापेक्षाही कमी होते.

जास्त काळजी कुणाची?

लहान मुलांची. त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते. इस्रायलमध्ये डोक्यावरील गजकर्णासाठी किरण दिलेल्या सुमारे १० हजार मुलांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला सरासरी अवघी दीड ग्रे मात्रा मिळूनही त्यांच्यात मेनिन्जिओमाचे प्रमाण साडेनऊ पट होते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस किंवा ली-फ्रॉमेनी हे आनुवंशिक विकार असलेल्यांनाही धोका अधिक असतो.

टाटा केंद्रात काय घडले?

टाटा केंद्राने २००१ ते २०१२ दरम्यान साध्या व कमी तीव्रतेच्या गाठी असलेल्या २०० मुला-तरुणांवर चाचणी केली. सर्वांना ५४ ग्रे मात्रा मिळाली. फरक होता किरण रोखण्याच्या अचूकतेचा. अचूक पद्धतीच्या गटात पाच वर्षांनी बुद्धिक्षमता व संप्रेरकांची स्थिती चांगली आढळली. ही चाचणी कर्करोगाच्या धोक्याची नव्हती. पण निरोगी मेंदू वाचवण्याचा फायदा तिने दाखवला. खारघरचे प्रोटॉन केंद्र मे २०२३ मध्ये राष्ट्राला समर्पित झाले. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे गाठीपलीकडील भागाला मात्रा जवळपास मिळत नाही. त्याने दुसरा कर्करोग नेमका किती टळतो, हे कळायला मात्र काही दशके जावी लागतील.

रुग्णांनी काय करावे?

‘उपचार न घेतल्यास काय होईल’ आणि ‘थांबून फक्त एमआरआयवर लक्ष ठेवता येईल का’, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. नजर जाण्याचा धोका समोर असताना दोन टक्क्यांच्या भीतीने शेक नाकारणे महागात पडू शकते. शेक घेतलाच, तर एकूण मात्रा, भाग आणि तारखा यांची कागदपत्रे कायम जपावीत. दहा-वीस वर्षांनी डोकेदुखी, फिट किंवा अशक्तपणा आल्यास नव्या डॉक्टरांना या उपचाराची माहिती आवर्जून द्यावी. बरे वाटते म्हणून तपासण्या बंद करू नयेत.