मर्यादित आवृत्तीचे मालक

मोटारीसारख्या विषयास वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात जागा कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल, हे आम्ही जाणून आहो. परंतु ‘आवृत्ती’ हा शब्द मुळात आमचा, म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्यांचा, छापणाऱ्यांचा व वाचणाऱ्यांचा. मोटारी विकणाऱ्यांनी तो आमच्या घरातून उचलून नेला, त्यास ‘मर्यादित’ असे विशेषण जोडले, आणि आता आमच्याच सुशिक्षित वर्गास ते तो दामदुपटीने परत विकीत आहेत. तेव्हा या व्यवहाराचा जाब विचारण्याचा अधिकार आम्हास पोचतो.

२०२० सालच्या अखेरीस ‘मिनी’ या इंग्रजी गाडीची ‘पॅडी हॉपकर्क आवृत्ती’ आपल्या देशात विक्रीस आली. सबंध देशासाठी संख्या अवघी १५. किंमत, कर व नोंदणी सोडून, ४१ लाख ७० हजार रुपये. रंग तांबडा, छप्पर पांढरे, बाजूस ३७ हा आकडा, आणि हॉपकर्क नामक शर्यतपटूच्या स्वाक्षरीची प्रतिकृती. मागे उघडणाऱ्या दाराच्या आटोपशीर गाडीत मोठ्या गाडीचे बळ कोंबले की इंग्रज तिला ‘हॉट हॅच’ म्हणतो. ही त्या जातीची. दोन लिटरचे इंजिन आणि १९२ अश्वशक्ती. त्याच वर्षी मे महिन्यात ‘जॉन कूपर वर्क्स जीपी’ या गाडीपासून ‘स्फूर्ती घेतलेली’ आणखी एक आवृत्ती आली होती. तिचीही संख्या १५, किंमत ४६ लाख ९० हजार. मूळ जीपी साऱ्या जगासाठी ३००० काढल्या होत्या व तिची शक्ती ३०६ अश्वशक्तीची होती. आपल्या वाट्यास आलेलीची २३१. स्फूर्ती घेता घेता पाऊणशे घोडे वाटेतच गळाले म्हणावयाचे!

अशाच एका मर्यादित आवृत्तीचे मालक असलेले नेरूळचे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. विद्वान आहेत, सज्जन आहेत, गाण्याच्या बैठकीस पहिल्या रांगेत असतात. त्यांच्या इमारतीच्या तळघरात राखाडी आच्छादनाखाली ती गाडी उभी असते. “किती चालवलीत?” असे आम्ही विचारले, तेव्हा ते दचकलेच. “छे हो! चालवायची कशी? मोजक्यांतली एक आहे ती. आकडा वाढला की भाव उतरतो.” आम्ही म्हटले, “मग घेतलीत कशासाठी?” त्यावर त्यांनी आच्छादनाचा एक कोपरा अदबीने उचलून आम्हास तो क्रमांक दाखविला. गाडी दाखविली नाही, क्रमांक दाखविला.

आमच्या वडिलांच्या पिढीत एक प्रकार पाहावयास मिळे. कापडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे ग्रंथ काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले असत आणि एखादा हाती घ्यावा तो त्याची पाने अद्याप कापलेली नसत. त्या गृहस्थांस आपण ग्रंथसंग्राहक म्हणत असू. वाचक मात्र कोणी म्हणत नसे. आच्छादनाखालची ही गाडी पाने न कापलेला ग्रंथच होय. फरक इतकाच की त्या ग्रंथाची पाने नातवाने कापली तरी मजकूर शाबूत असतो.

आता या दुर्मिळतेचे स्वरूप पाहा. मराठीतील दोलामुद्रित ग्रंथ दुर्मिळ झाला तो वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला यांच्या कृपेने. शेकडो प्रती छापल्या गेल्या, वाचल्या गेल्या, फाटल्या, आणि एखादी कोणा शास्त्रीबुवांच्या माळ्यावर उरली. त्या एका प्रतीस जे मोल आले ते काळाने दिलेले आहे. हा १५ चा आकडा मात्र कोणा कचेरीत मेजावर बसून ठरविलेला. सोळावी गाडी करणे कारखान्यास अशक्य नव्हते. हीच हॉपकर्क आवृत्ती इतर देशांतही विकली गेली, तेथील संख्या निराळ्या. म्हणजे जगात गाडी दुर्मिळ नाही, आपल्या देशाच्या हिश्श्यापुरती ती दुर्मिळ केलेली आहे. रंग, पट्टे व सही वजा केली तर खाली उरते ती नेहमीची कूपर एस. आणि ती उत्तम गाडी आहे, यात आम्हास शंका नाही. आमची तक्रार हीच की जे उत्तम आहे त्याकडे पाहावयास मालकास सवड नाही, आणि जे चिकटविलेले आहे त्याची तो पूजा बांधतो.

उत्तम काय आहे ते सांगितले पाहिजे. १९५६ साली सुएझचा कालवा बंद पडला, इंग्लंडात पेट्रोलची टंचाई होऊन शिधावाटप आले, आणि थोडे पेट्रोल पिणारी लहान गाडी हवी अशी निकड ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला भासली. हे काम स्मर्ना शहरात जन्मलेल्या अ‍ॅलेक इसिगोनिस या तंत्रज्ञाकडे आले. सुमारे १० फूट लांबीत चार माणसे व त्यांचे सामान बसवावयाचे, ही अट. त्याने काय केले? तोवर बहुतेक गाड्यांत उभे असणारे इंजिन त्याने आडवे घातले. गिअरची पेटी इंजिनाच्या पोटाखाली, त्याच्याच तेलात बसविली. पुढच्या चाकांना गती दिली. चाके अवघी १० इंचांची करून ती चारी कोपऱ्यांत ढकलली. आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन याने रचलेले रबराचे शंकू बसविले. अशा रीतीने गाडीच्या तळाचा सुमारे पाच-चतुर्थांश भाग माणसांस व सामानास मोकळा झाला, असे एखादा अतिउत्साही भक्त सांगेल. खरे प्रमाण चार-पंचमांश आहे, आणि तेही थोडके नव्हे. १९५९ ते २००० पर्यंत अशा ५३ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन आडवे असते व पुढची चाके ओढतात. तो रिवाज सर्वमान्य करण्याचे श्रेय मोठ्या अंशी त्या गाडीकडे जाते. (शुद्धिवाद्यांसाठी एवढे नमूद करतो की मूळ मिनीस मागचे दार नव्हतेच, सामानापुरते लहानसे झाकण होते.)

आणि तो ३७ हा आकडा? १९६४ च्या मॉन्टे कार्लो शर्यतीत हॉपकर्क व त्याचा सोबती हेन्री लिडन यांच्या गाडीचा तो क्रमांक. सोव्हिएत मुलुखातील मिन्स्कहून ते निघाले. इंजिन १०७१ घनसेंटिमीटरचे; विरुद्ध ४.७ लिटरची अमेरिकन फोर्ड फाल्कन. सरळ रस्त्यावर फाल्कनपुढे मिनीचे काय चालणार? परंतु आल्प्सच्या बर्फाळ वळणांवर वजन हलके, चाके कोपऱ्यांत आणि ओढ पुढून, असा प्रकार असल्यामुळे ती चिकटून राहिली. गुणांच्या हिशेबात इंजिनाच्या आकाराप्रमाणे सूट होती, तिचाही विजयात वाटा होता, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. १९६५ व १९६७ सालीही मिनी जिंकली. १९६६ साली पहिल्या तिन्ही जागा मिनींनी पटकाविल्या, तेव्हा दिव्यांच्या रचनेचे निमित्त काढून पंचांनी त्या बाद ठरविल्या. तो वाद इंग्रज अद्याप विसरलेला नाही. हॉपकर्क २०२२ साली वारला. त्याची ती गाडी इंग्लंडात गेडन येथील संग्रहालयात आहे.

पेट्रोलच्या टंचाईतून, सामान्य कुटुंबासाठी जन्मलेली गाडी आपल्याकडे ४१ लाखांची शोभेची वस्तू व्हावी, यातील विनोद ज्यास कळत नाही त्यास त्या गाडीतले काहीच कळले नाही, असे आम्ही म्हणू. ती इंग्रजी तरी कितपत, असाही प्रश्न कोणी काढील. १९९४ पासून नाव जर्मन बीएमडब्ल्यूचे आहे. बांधणी मात्र ऑक्सफर्डजवळ काउली येथे होते. जग्वार व लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या आहेत, म्हणून त्या मराठी झाल्या नाहीत. तोच न्याय येथे लावावा.

दुसऱ्या बाजूने काही सात्त्विक मंडळी आमच्यावर धावून येतील. एवढ्या पैशात किती मुलांचे शिक्षण झाले असते, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. हाच प्रश्न ते पैठणीविषयी, हिऱ्याच्या कुड्यांविषयी व लग्नातील पंगतींविषयी विचारीत असतील तर आम्ही त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ. विचारीत नसतील तर त्यांचा आक्षेप खर्चास नाही, यंत्रास आहे. आणि यंत्रावर प्रेम करणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे, ही समजूत लेखणीवर जगणाऱ्या आमच्या वर्गाने उगाच जपली आहे. सतारीच्या भोपळ्याची जात ओळखणारा रसिक, आणि गिअर बदलल्याचा आवाज ओळखणारा मात्र अरसिक, हा भेद कोणत्या शास्त्रातला?

परंतु गाडी चालवावी म्हणजे कोठे? हा प्रश्न नवी मुंबईत विशेष आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, आगरी-कोळ्यांच्या गावांची शेते व मिठागरे घेऊन नकाशावर शहर आखले गेले, आणि रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ व रुंद झाले. वाशीहून बेलापुरास खाडीकाठाने जाणारा पाम बीच रस्ता हा त्यांचा राजा. रात्री या रस्त्यावर धनिकांची मुले गाड्या भरधाव सोडतात, अपघात होतात, माणसे मरतात. जी गाडी वळणासाठी घडविली तिला सरळ रस्त्यावर पळवून काय सिद्ध होते? तेथे कोणतीही अधिक अश्वशक्तीची अवजड गाडी तिला मागे टाकील. पाम बीचवर मिनी पळविणारा आणि तळघरात झाकून ठेवणारा, दोघेही एकाच अज्ञानाचे धनी आहेत. पहिला अधिक घातक, एवढेच.

बरे, झाकून ठेवल्याने गाडी टिकते तरी काय? उभ्या गाडीचे टायर एका जागी दबून चपटे होतात, बॅटरी उतरते, पेट्रोलचा कस जातो, रबराच्या नळ्या ताठर होऊन तडकतात. खाडीची खारी हवा ब्रेकच्या थाळ्यांवर गंज चढविते. तळघरातील उंदीर तारा कुरतडतात ते निराळेच. आमच्या नेरूळच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा बॅटरी बदलली तेव्हा गाडीने शंभर मैलही काटले नव्हते. वापराने झिजते त्यास दुरुस्ती आहे. न वापरता कुजते त्याचे काय करावे?

या सर्वांहून आम्हास अधिक बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, मूळ फियाट ११०० वरून बेतलेली पद्मिनी तयार होत असे. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता. पुढच्या सलग आसनावर तीन माणसे दाटीने बसत. १९६४ पासून या घराण्याच्या गाड्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईत धावल्या. कित्येक बाळंतिणी त्यांतून इस्पितळात गेल्या, कित्येक वरातींनी त्यांवर झेंडूच्या माळा बांधल्या. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली. २० वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. निदान एक पद्मिनी सरकारने जतन करावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. तिचा उपयोग झाला नाही. मागणी टॅक्सीवाल्यांनी केली, हे ध्यानात घ्यावे. मर्यादित आवृत्त्यांच्या मालकांनी नव्हे. ज्या गाडीच्या मागच्या आसनावर त्यांचे बालपण गेले ती त्यांच्या डोळ्यांदेखत भंगारात गेली, आणि हे त्या वेळी मिन्स्क-मॉन्टे कार्लोच्या आठवणीची सही आच्छादनाखाली जपत बसले होते. १९९८ साली पुण्यात टाटांनी जी इंडिका काढली, तिची पहिल्या वर्षातली, धड चालणारी एक प्रत आज कोणाच्या तळघरात आहे काय? असल्यास त्या सद्गृहस्थाच्या दर्शनास आम्ही पायी जाऊ. येथे दुर्मिळता खरी आहे, आणि ती आपण आपल्या हाताने, बेपर्वाईने निर्माण केली आहे. तिला मात्र क्रमांकाचा बिल्ला नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही.

मिनीच्या मालकांनी गाडी विकून टाकावी, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस ओसरल्यावर एखाद्या रविवारी पहाटे त्यांनी आच्छादन काढावे, पनवेल सोडून खोपोलीस यावे, आणि द्रुतगती मार्गाचा मोह टाळून जुन्या रस्त्याने बोरघाट चढावा. गती मर्यादेतच ठेवावी. या गाडीची गंमत वीस-पंचवीस मैलांच्या वेगासही कळते. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून, ज्या धनगराने इंग्रज इंजिनियरांस घाटाची वाट दाखविली असे सांगतात, त्याच्यापुढे रिवाजाप्रमाणे नाणे टाकावे. सोबत इमारतीतील दोन पोरे अवश्य घ्यावीत आणि इंजिन आडवे का आहे ते त्यांस झाकण उघडून दाखवावे. मागे दोघांचीच जागा आहे, तेव्हा बाकीच्यांची पाळी पुढच्या रविवारी लावावी लागेल.