गूढ कोणाच्या कानाचे? : प्रूस्त, फ्रान्समधील स्थलनामे आणि चिन्हमीमांसेचा बहिरेपणा

विशेषनामाला अर्थ नसतो, आणि तो नसतो म्हणूनच कल्पनाशक्तीला त्यात वाटेल तेवढा अर्थ भरता येतो, हे मत मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबरीवरील भाष्यांतून जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोहोचले आहे. रोलाँ बार्थ यांचा प्रूस्त आणि नावे यांविषयीचा निबंध १९६७चा. जेरार जनेत यांचा प्रूस्तच्या अप्रत्यक्ष भाषेवरील निबंध १९६९चा आणि ‘मिमोलॉजिक’ हा ग्रंथ १९७६चा. या लेखनाने पाडलेली वाट पुढे इतकी मळली, की प्लेटोचा क्रॅटिलस, सोस्यूरचे यादृच्छिक चिन्ह आणि प्रूस्तची स्थलनामे ही त्रयी शेजारी शेजारी मांडली की विवेचन पूर्ण झाले असे समजण्याचा प्रघातच पडला. कादंबरीचा निवेदक नावांच्या ध्वनींत गावे पाहतो. पुढे गावे प्रत्यक्ष पाहिल्यावर आणि नावांची व्युत्पत्ती ऐकल्यावर त्याचा भ्रमनिरास होतो. चिन्ह शेवटी यादृच्छिक ठरते. ही कथा सुबक आहे. परंतु ती ज्या गृहीतावर उभी आहे ते गृहीतच खोटे आहे. अपारदर्शकता हा स्थलनामाचा गुणधर्म नव्हे. तो ऐकणाऱ्याचा आहे, आणि ऐकणारा कोण आहे हे या भाष्यकारांनी विचारलेले नाही.

मूळ संहितेकडे वळले की ही बाब लपत नाही. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडाच्या शेवटच्या भागात निवेदक दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीच्या मार्गावरील नावे मनात घोळवतो. त्यांत नॉर्मंडीची नावे आहेत, तशीच ब्रिटनीचीही आहेत. बाय्यो, कुतांस, लानिओं, लांबाल, बेनोदे, पाँतावेन, कँपेर्ले. प्रत्येक नावाला एकेक चित्र बहाल होते. कुतांसच्या अखेरच्या स्वरात त्याला लोण्याच्या रंगाचा पिवळेपणा दिसतो, बाय्योच्या शेवटच्या अक्षरावर जुन्या सोन्याची झाक दिसते. येथे ध्वनीच चित्र घडवतो, हे बार्थ आणि जनेत यांचे म्हणणे कोणीही मान्य करील. कुतांस हे नाव रोमन सम्राट कॉन्स्टान्शियस याच्यावरून आले आणि बाय्यो हे बायोकासेस या गॉल जमातीवरून. त्या लोण्याशी वा त्या सोन्याशी या इतिहासाचा काही संबंध नाही.

मात्र बेनोदे, पाँतावेन आणि कँपेर्ले या तीन नावांशी येताच निराळेच काही घडते. बेनोदे हे नाव निवेदकाला नदीबरोबर वाहून जाऊ पाहणारे वाटते, पाँतावेनमध्ये कालव्याच्या पाण्यातले थरथरते प्रतिबिंब दिसते आणि कँपेर्ले तर ओढ्यांच्या मधोमध बसलेले असते. तीन नावे आणि तिन्हींत पाणी. आता या नावांचे ब्रेतॉन भाषेतील अर्थ पाहावेत. बेनोदे म्हणजे ओदे नदीचे मुख. पाँतावेन म्हणजे आवेन नदीवरचा पूल, आणि ‘आवेन’ हा शब्दच नदीवाचक आहे. कँपेर्ले म्हणजे एले नदीवरील ‘केंपेर’, अर्थात संगम. इझोल आणि एले या दोन नद्या तेथे मिळतात. निवेदकाचे स्वप्न आणि शब्दाचा अर्थ एकाच ठिकाणी येऊन थांबतात. सगळ्याच ब्रेतॉन नावांबाबत असे म्हणता येणार नाही. लानिओं आणि लांबाल यांना हा न्याय लागू होत नाही. तरीही ज्याला निव्वळ ध्वनीची किमया म्हणून शिकवले जाते, तिच्यात अर्थ गुपचूप शिरलेला आहे हे तीन नावांवरून पुरेसे स्पष्ट व्हावे. स्थळाविषयीची माहिती नावात झिरपते हे जनेत मान्य करतात. पार्म या नावातील जांभळ्या रंगामागे तिथली फुले आणि स्तांदाल आहेत, हे त्यांनीच दाखवले आहे. परंतु ही माहिती कोणत्या भाषेत साठवलेली होती, या प्रश्नाच्या उंबऱ्यावरूनच ते परत फिरतात.

संगमनेर किंवा संगमेश्वर ही नावे मराठी माणसाच्या कानाला गूढ वाटत नाहीत. त्यांत ‘संगम’ आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. एखाद्या मराठी न जाणणाऱ्या प्रवाशाने त्या नावांत घंटानाद ऐकला, तर ती त्याची रम्य कल्पना म्हणून सोडून देता येईल; मात्र त्यावरून ‘विशेषनाम स्वभावतःच अपारदर्शक असते’ असा सिद्धान्त कोणी काढला तर त्याला हसावे लागेल. प्रूस्तच्या भाष्यकारांनी नेमके हेच केले आहे. बेनोदेच्या धक्क्यावरच्या ब्रेतॉनभाषी कोळ्याला ‘बेन’ आणि ‘ओदे’ ही दोन पदे वेगळी ऐकू येत होती. पॅरिसच्या घरात वेळापत्रक वाचणाऱ्या मुलाला ती ऐकू येत नव्हती. सिद्धान्त मुलाच्या कानावरून झाला आणि कोळ्याचा कान हिशेबात धरला गेला नाही.

तो का धरला गेला नाही, याला इतिहास आहे. १७९४ साली बारेर यांनी ब्रेतॉन, बास्क, जर्मन आणि इटालियन या भाषांना प्रजासत्ताकाचे शत्रू ठरवणारा अहवाल अधिवेशनापुढे मांडला. त्याच वर्षी आबे ग्रेग्वार यांनी बोलींचा समूळ नाश करण्याची गरज सांगणारा अहवाल मांडला. शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत राहिली. १९०२ साली कोंब सरकारने ब्रेतॉनमधून प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूंवर बंधने आणणारे परिपत्रक काढले. म्हणजे कँपेर्लेचे ते स्वप्न छापले जाण्यापूर्वी अवघी अकरा वर्षे. शाळांत ब्रेतॉन ऐच्छिक विषय म्हणून शिकवण्याची मुभा मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. नावांची गूढता ही अशा रीतीने घडवली गेली. भाषा दूर सारायची, तिची नावे मात्र नकाशावर ठेवायची आणि मग त्या नावांच्या दुर्बोध सौंदर्याने मोहून जायचे, असा हा व्यवहार आहे. त्यातही ‘केंपेर’चे फ्रेंच लेखन करताना अक्षरे अशी बसली, की कँपेर्ले या नावात फ्रेंच डोळ्याला ‘मोत्यांनी जडलेले’ हा शब्द दिसू लागला आणि एले नदी दिसेनाशी झाली. प्रूस्त यांनी तो मोती टिपला. नदी कोणी झाकली, हे टिपण्याचे काम भाष्यकारांचे होते.

बार्थ यांना हे अगदीच दिसले नव्हते असे नाही. प्रूस्तच्या नावांचे खरे चिन्हित म्हणजे ‘फ्रेंचपणा’ होय, आणि त्या नावांची घडण फ्रान्समधील, तीही पॅरिसभोवतीच्या प्रदेशातील स्थलनामांच्या धर्तीवर झाली आहे, असे त्यांचे मर्मग्राही निरीक्षण आहे. जाहिराती आणि मासिकांतील छायाचित्रे यांतून राष्ट्रीय मिथके उकलून दाखवणाऱ्या या समीक्षकाने येथे थांबून विचारायला हवे होते, की ब्रेतॉन आणि नॉर्स नावांच्या राशीवर हा फ्रेंचपणा पसरला तरी कसा. त्यांनी तो संस्कृतीचा एक संकेत म्हणून नोंदवला आणि पुढे गेले. मिथकांचा भेद करणारी लेखणी साहित्याच्या दारात शिरताच इतकी विनम्र का व्हावी, याचे समर्थन सापडत नाही.

नाव ऐकणे ही खाजगी स्वप्नरंजनाची गोष्ट असते, या समजुतीला सर्वांत मोठा छेद क्रांतिकाळानेच दिला आहे. १७९३-९४ या काळात शेकडो गावांची नावे बदलली गेली. बंड करणारे ल्यों ‘मुक्त केलेले शहर’ झाले. मार्सेयला तर ‘निनावी शहर’ हेच नाव देण्यात आले. साँ-दनीतला संत काढून ‘फ्रांसियाद’ हे नाव घातले गेले. पण मासलेवाईक उदाहरण ग्रनोबलचे. त्या नावाच्या शेवटी ‘नोबल’, म्हणजे सरदार, ऐकू येतो म्हणून क्रांतिकारकांनी तो छाटून ‘लीब्र’, म्हणजे स्वतंत्र, हा शब्द जोडला आणि शहराला ‘ग्रलीब्र’ केले. वस्तुतः ग्रनोबल म्हणजे ग्राशियानोपोलिस, सम्राट ग्राशियनचे नगर. त्यात सरदार कधीच नव्हता. याउलट डंकर्कचे ‘डून-लीब्र’ करताना त्यांनी फ्लेमिश शब्दाचा अर्थ अचूक ओळखला होता. वाळूच्या टेकडीवरचे चर्च हा त्या नावाचा अर्थ, आणि त्यांनी नेमके चर्चच काढून टाकले. एका ठिकाणी व्युत्पत्ती चुकली, दुसऱ्या ठिकाणी बरोबर आली; कान मात्र दोन्ही ठिकाणी सत्तेचा होता. प्रूस्तच्या निवेदकाला ब्रिकबफ या नावात बैल ऐकू यावा आणि अधिवेशनाला ग्रनोबलमध्ये सरदार ऐकू यावा, ही एकाच जातीची लोकव्युत्पत्ती आहे. पहिलीला काव्यशास्त्रात स्थान मिळते आणि दुसरीला इतिहासाच्या तळटीपेत, एवढाच भेद.

मग व्युत्पत्तिशास्त्र सत्य सांगते आणि स्वप्न खोटे ठरते काय? ‘सोदोम आणि गोमोरा’ या खंडात प्राध्यापक ब्रिशो आगगाडीत बसून व्युत्पत्तींची जी बरसात करतो, ती बहुधा याच अर्थाने वाचली जाते. ओंफ्लरमधल्या ‘फ्लर’ला फुलाशी काही देणेघेणे नाही, ते बंदर आहे, ‘बफ’ म्हणजे बैल नव्हे, झोपडी आहे, ‘बेक’ म्हणजे ओढा. निवेदकाची फुले सुकतात. येथे दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली ही, की ब्रिशो हे ज्ञान शून्यातून आणत नाही. कोंब्रेच्या वृद्ध धर्मगुरूने लिहिलेल्या पुस्तिकेची चिरफाड करीत तो बोलतो. गावच्या धर्मगुरूची चूक सॉर्बोनच्या प्राध्यापकाने पॅरिसच्या पाहुण्यांसमोर दुरुस्त करायची, या मांडणीतच ज्ञानाची उतरंड आहे. प्रूस्त यांनी ती उपहासाने रंगवली. भाष्यकारांनी ब्रिशोचा उपहास सोडला आणि निकाल तेवढा घेतला. दुसरी गोष्ट अशी, की ब्रिशोची ही ठळक उदाहरणे नॉर्मंडीची आहेत. तेथील नॉर्स भाषा कित्येक शतकांपूर्वी लोप पावली. तिच्यासाठी विद्वान लागणे साहजिक आहे. ब्रेतॉन जिवंत होती. तिच्यासाठी सॉर्बोन नको होते, गावातला कोणीही पुरला असता. मेलेल्या भाषेची दुर्बोधता आणि दडपलेल्या भाषेची दुर्बोधता यांत फरक न करणारा सिद्धान्त चिन्हाविषयी काहीही सांगो, नावांविषयी फारसे सांगू शकत नाही.

शिवाय व्युत्पत्ती म्हणजे मूळचा शुद्ध अर्थ, ही समजूतही भाबडीच. ल्योंचे जुने नाव लुगदुनुम. प्लुटार्कच्या नावावर चालणाऱ्या एका ग्रंथात त्याचा अर्थ ‘कावळ्यांची टेकडी’ असा येतो, एका लॅटिन शब्दसूचीत ‘इच्छित डोंगर’ असा, आणि एकोणिसाव्या शतकात आयरिश पुराणकथांचे वेड लागलेल्या केल्टविद्यावंतांना त्यात लुग देव सापडला. प्रत्येक काळाने आपल्याला हवा तो पूर्वज त्या टेकडीवर बसवला. जिथे व्युत्पत्ती निर्विवाद आहे तिथेही तिच्यातून ‘अर्थ’ निघत नाही, दस्तऐवज निघतो. ऑर्ली आणि ओरियाक ही दोन्ही नावे ‘ऑरेलियाकुम’ या एकाच रूपातून आली. ऑरेलियस नावाच्या कोणा जमीनदाराची मालमत्ता, असा त्याचा अर्थ; उत्तरेत अखेरचा ‘आक’ झिजून ‘ई’ झाला, दक्षिणेत तो टिकला. सातबाराच्या उताऱ्याप्रमाणे नावात मालक राहिला, जमीन कसणारे राहिले नाहीत. वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांकडे वसाहतींच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले होते. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. पण नाव हा कोणी तरी कोणावर तरी केलेला व्यवहार असतो ही त्यांची दृष्टी संरचनावाद्यांपेक्षा अधिक प्रौढ होती, असे म्हणणे भाग आहे.

कादंबरी ही कल्पित रचना आहे, तिच्यातील नावांना जमीनमहसुलाचा आणि भाषाधोरणाचा जाब विचारणे अप्रस्तुत आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. बाल्बेकसारख्या कल्पित नावापुरता तो मान्य करता येईल. पण कादंबरीतील नावे कादंबरीतच राहतात, हे ज्या गृहीतावर तो आक्षेप उभा आहे, ते फ्रान्सच्या शासनानेच मोडीत काढले आहे. प्रूस्त यांच्या बालपणीच्या सुट्ट्या ज्या इलिए गावात गेल्या, त्याचे अधिकृत नाव त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७१ साली, ‘इलिए-कोंब्रे’ असे करण्यात आले. कादंबरीकाराने दिलेले नाव शासकीय दप्तरात दाखल झाले. कँपेर शहराच्या वेशीवरील पाटीवर आता ‘केंपेर’ हेही लिहिलेले असते. दप्तरात मात्र आजही कँपेर एवढीच नोंद आहे.