परीक्षेची तारीख कोणी ठरवावी?

पनवेल महानगरपालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यानंतर सतराव्या दिवशी, १ फेब्रुवारीस, मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या पन्नास-एक लाख वस्तीच्या प्रजासत्ताकाने आपला राष्ट्राध्यक्ष व सत्तावन्न सभासदांची विधानसभा निवडण्यासाठी मतदान केले. या दोन मतदानांत एक मोठे अंतर आहे. कोस्टा रिकाच्या मतदारास ती तारीख चार वर्षे आधीच ठाऊक होती. कारण फेब्रुवारीचा पहिला रविवार त्या देशाच्या संविधानातच लिहिलेला आहे. पनवेलच्या नगरसेवकांची मुदत मात्र जुलै २०२२ मध्येच संपली होती. मधली साडेतीन वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

कोस्टा रिकाला हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत विरोधी पक्षाचे ओतिलिओ उलाते निवडून आले असता तेथील काँग्रेसने ती निवडणूकच रद्द ठरविली. होसे फिगेरेस यांनी बंड केले आणि सुमारे सहा आठवडे यादवी माजली. बंड यशस्वी झाल्यावर फिगेरेस यांनी १ डिसेंबर १९४८ रोजी देशाचे सैन्यच बरखास्त केले आणि पुढील वर्षी, नवे संविधान झाल्यावर, सत्ता उलाते यांच्या स्वाधीन केली. त्या संविधानाने निवडणुकीचा सारा व्यवहार एका सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरणाकडे सोपविला. त्याचे सभासद राष्ट्राध्यक्ष नेमीत नाहीत. सर्वोच्च न्यायालय दोन-तृतीयांश मतांनी त्यांची निवड करते. लागोपाठ दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होण्याचीही तेथे मुभा नाही.

कोस्टा रिका हा काही स्वर्ग नव्हे. पूर्वी ऐंशी टक्क्यांच्या घरात असणारे मतदान २०२२ मध्ये साठ टक्क्यांच्या आसपास उतरले. परंतु शेजारच्या देशांत लष्करी राजवटी येत-जात असताना या देशाची एकही निवडणूक १९५३ पासून आजवर चुकलेली नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. संविधानाचे २४३ यू हे कलम निःसंदिग्ध आहे : मुदत संपण्यापूर्वीच नव्या पालिकेची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घातलेल्या अटी पुऱ्या करणे आवश्यक होते, हे आम्ही नाकारीत नाही. तो प्रश्न न्यायाचा होता आणि त्याला वेळ लागणारच होता. परंतु सारा विलंब त्याच्या माथी मारता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग पाडण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतले. त्याच वर्षी सरकार पालटले आणि नव्या सरकारने मागच्या सरकारची प्रभागसंख्या फिरविली. माणसे बदलली, मोह तोच राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत असू, तेव्हा परीक्षेची तारीख पुढे ढकलावी अशी विनवणी बहुधा अभ्यास न केलेला विद्यार्थीच करी. त्याला हसून टाळता येत असे. परंतु वेळापत्रक व प्रश्नपत्रिका दोन्ही त्याच्याच हाती दिली असती, तर?

या प्रश्नाची दुसरी बाजू पनवेलच्या वेशीवरील विचुंबे गावात दिसते. महानगरपालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्यात एकोणतीस गावे आली. विचुंबे बाहेर राहिले. त्याची ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे. परंतु जानेवारी २०१३ पासून 'नैना' क्षेत्रातील जमिनीचे नियोजन सिडकोकडे आहे. रस्ता कोठून जावा, कोणाच्या शेतावर कोणते आरक्षण पडावे, हे ठरविणारे विचुंब्याच्या मतदारापुढे कधीच उभे राहत नाहीत. शहरात मतदानाचा दिवस हरवला होता. येथे मतदान होते, पण मतास विषय उरत नाही. उद्या हे गाव पालिकेत गेले, तर एक उणीव देऊन दुसरी घेतल्यासारखे होईल.

आमची मागणी साधी आहे. प्रभागरचनेचा अधिकार आयोगास परत द्यावा. राज्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीत शासनाबाहेरच्या मताला स्थान असावे. आणि जमिनीचे नियोजन करणाऱ्या संस्थेत त्या गावांचे निवडलेले प्रतिनिधी बसावेत. पनवेलचे नवे नगरसेवक आता सभागृहात बसले आहेत. त्यांनी पहिला ठराव याच विषयाचा करावा. कारण त्यांच्या स्वतःच्या परीक्षेचे वर्ष २०३१ आहे, आणि ते चुकणार नाही याची हमी आज कोणीही देऊ शकत नाही.